शालेय नाट्यप्रयोग आणि बिनतारी ध्वनिक्षेपक : बिघाड शोधावयाची रीत

दिवाळीची सुटी संपून शाळा उघडल्या की स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात आणि नाटकाच्या तालमींना रंग चढतो. पूर्वी अशा नाटकासाठी रंगमंचाच्या कडेला दोन ध्वनिक्षेपक उभे केले म्हणजे काम भागत असे. हल्ली मात्र अनेक शाळांतून प्रमुख पात्रांच्या अंगावर बिनतारी ध्वनिक्षेपक, बोलण्यात ज्याला आपण कॉर्डलेस माइक म्हणतो तो, लावण्याची पद्धत पडली आहे. आपल्या व्यापारी बांधवांपैकी कित्येक जण शिक्षणसंस्थांच्या व्यवस्थापक मंडळांवर असतात, आणि अशी यंत्रसामग्री पुष्कळदा त्यांच्याच देणगीतून येते. म्हणून ह्या विषयाची थोडी तपशीलवार ओळख येथे करून देणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रश्न केवळ सोयीचा नाही. दोन महिने घोकून तयार केलेले भाषण बोलावयास एखादी दहा वर्षांची मुलगी पुढे येते आणि नेमक्या त्याच वेळी तिचा ध्वनिक्षेपक मुका होतो. मागच्या रांगेतील तिच्या आईबापांस ओठ हलताना दिसतात, शब्द मात्र ऐकू येत नाही. यंत्रात काय बिघडले हे त्या मुलीस कळत नाही. आपलेच काही चुकले असा तिचा समज होतो, व पुढच्या वर्षी ती नाटकात नाव देत नाही. दुसरीकडे व्यवस्थापक मंडळाच्या बैठकीत 'संच निकामी झाला, नवा घ्यावा' असा ठराव येतो. वस्तुतः ज्यास संचाचा दोष म्हटले जाते तो बहुतेक वेळा एखाद्या उतरलेल्या सेलचा, तुटत आलेल्या तारेचा किंवा चुकीच्या जागी ठेवलेल्या डबीचा दोष असतो. तो शोधून काढण्याची एक सरळ रीत आहे, आणि ती शिक्षकांस व वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सहज शिकता येण्यासारखी आहे.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा विजेच्या साह्यावाचूनच नटाचा आवाज शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचवावा लागे, आणि नटांचे गळे त्यासाठी वर्षानुवर्षे कमावलेले असत. शाळेतील मुलांकडून ती अपेक्षा करता येत नाही. त्यातून शाळेचे सभागृह म्हणजे बहुधा पत्र्याचे छप्पर, उघड्या खिडक्या आणि घरघरणारे पंखे! तेव्हा यंत्राची मदत घेणे भागच आहे. मात्र ज्याची मदत घ्यावयाची त्याचा स्वभाव ओळखून घ्यावा, हे बरे.

आवाजाचा प्रवास

तारेवाचून विद्युत्-लहरी दूर पाठविता येतात हे जगदीशचंद्र बोस ह्यांनी १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये, भिंतीपलीकडील घंटा वाजवून लोकांस दाखविले. अमेरिकेतील शुअर कंपनीने १९५३ साली 'व्हॅगबाँड' नावाचा बिनतारी ध्वनिक्षेपक रंगमंचावरील कलावंतांसाठी विक्रीस आणला. १९६४ सालच्या 'माय फेअर लेडी' ह्या चित्रपटात रेक्स हॅरिसन ह्यांची गाणी चित्रीकरणाच्या वेळीच टिपून घेण्यासाठी असाच ध्वनिक्षेपक त्यांच्या पोशाखात दडविलेला होता. आज शाळेत येणारा संच हे त्याच जातीचे सुधारलेले यंत्र होय.

पात्राच्या मुखातून निघालेला शब्द प्रेक्षकाच्या कानी पडेपर्यंत पाच टप्पे ओलांडतो. पहिला टप्पा गालावर, केसांच्या रेषेत किंवा छातीवर लावलेल्या इवल्याशा ध्वनिक्षेपकाचा. दुसरा त्याच्यापासून कमरेच्या डबीपर्यंत जाणाऱ्या बारीक तारेचा. तिसरा त्या डबीचा, म्हणजे ट्रान्समीटरचा. तो आवाजाचे रेडिओ-लहरींत रूपांतर करून त्या हवेत सोडतो. चौथा टप्पा त्या लहरी झेलून त्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या रिसीव्हरचा. पाचवा मिक्सर, अँप्लिफायर व कर्णे ह्यांचा. ह्यांपैकी एकच टप्पा हवेतला आहे, बाकीचे चार हाताला लागणारे आहेत. परंतु बिघाड होताच 'रेंज गेली' असे म्हणून लोक त्या एकाच टप्प्याला दोष देतात.

बिघाड कोणत्या टप्प्यात?

रोजमेळ जुळेनासा झाला तर मुनीम वही फेकून देत नाही. जेथपर्यंत बाकी बरोबर होती ते पान तो शोधतो आणि तेथून पुढे तपासू लागतो. येथेही तोच न्याय लावावा. त्यासाठी रिसीव्हरवरील दोन दिव्यांची ओळख असली म्हणजे पुरे. त्यांपैकी एकावर 'आरएफ' अशी खूण असते. लहरी पोहोचत असल्या म्हणजे तो दिवा लागतो. दुसऱ्यावर 'एएफ' किंवा 'ऑडिओ' असे लिहिलेले असते. पात्र बोलू लागले की तो लुकलुकतो.

आवाज येत नसेल तर प्रथम हे दोन दिवे पाहावेत. पहिला दिवा लागलेला नसेल, तर लहर पोहोचलेलीच नाही. तेव्हा डबी बंद आहे की काय, तिचा सेल उतरला आहे की काय, अथवा डबी व रिसीव्हर निरनिराळ्या चॅनेलवर आहेत की काय, हे पाहावे. पहिला लागला व दुसरा निपचित असेल, तर लहर येत आहे पण तिच्यात आवाज नाही. म्हणजे डबीवरील म्यूटचे बटण दाबले गेले आहे, किंवा ध्वनिक्षेपकाची तार तुटली अथवा सैल झाली आहे. दोन्ही दिवे ठीक चालत असूनही सभागृहात शांतताच असेल, तर पात्राच्या अंगाला हात लावण्याचे कारण नाही. दोष मिक्सरपासून पुढचा आहे. एवढ्या तपासणीस अर्धे मिनिटही लागत नाही, आणि तीत निम्म्याहून अधिक शोध संपतो.

तिसरी एक परीक्षा प्रयोगापूर्वी करावी. सर्व डब्या बंद ठेवून नुसते रिसीव्हर चालू करावेत. डबी बंद असतानाही एखाद्याचा आरएफ दिवा लागला, तर त्या चॅनेलवर दुसरे कोणीतरी बोलत आहे असे समजावे व चॅनेल बदलावा.

सेल, तार आणि घाम

सेलच्या बाबतीत काटकसर महागात पडते. साधा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा असतो व हळूहळू उतरत जातो, म्हणून डबीवरील दर्शक त्याची स्थिती बऱ्यापैकी सांगतो. पुन्हा भरावयाचा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टच्या आसपास बराच वेळ टिकून राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. अल्कलाइनसाठी आखलेला दर्शक अशा सेलविषयी फसवी खूण दाखवितो. तेव्हा कोणत्या जातीचा सेल घातला आहे हे डबीच्या मांडणीत निवडता येत असल्यास अवश्य निवडावे. आणि जातीची निवड कोणतीही असो, प्रयोगाच्या दिवशी ताजे किंवा पूर्ण भरलेले सेल घालावेत. तालमीत वापरलेले सेल प्रयोगास चालवू नयेत.

तार बहुधा दोनच ठिकाणी तुटते : डबीत शिरते त्या टोकाशी, व ध्वनिक्षेपकाच्या मानेशी. ह्या ठिकाणी बोटाने हळूच हलवून पाहावे. खरखर झाली किंवा आवाज येऊन-जाऊन राहिला तर दोष सापडला. डबीशेजारी तारेचा एक सैल वेढा घेऊन तो चिकटपट्टीने बसविला म्हणजे ओढ टोकावर येत नाही. मुलांना एक गोष्ट निक्षून सांगावी की, ध्वनिक्षेपक काढताना तार ओढावयाची नाही.

घामाचा त्रास आपल्या हवेत विशेष होतो. घामाचा थेंब ध्वनिक्षेपकाच्या तोंडावर बसला की आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुजून जातो, व कोरडा झाला की पुन्हा सुधारतो. हे लक्षात न आल्यास माणूस तासभर मिक्सरची बटणे फिरवीत बसतो! उपाय सोपा आहे. रंगभूषा पूर्ण झाल्यावरच ध्वनिक्षेपक लावावा आणि मध्यंतरात मऊ कापडाने टिपून घ्यावा. कपाळावरून ओघळ येत असल्यास तो केसांच्या रेषेऐवजी गालावर बसवावा.

पोशाखाचेही पथ्य आहे. मोत्यांच्या माळा, कडक जरीचा शेला व फेट्याचा लोंबता शेव छातीवरील ध्वनिक्षेपकावर घासले की जो खरखराट होतो, त्यास पुष्कळ जण लहरींचा गोंधळ समजतात. पात्र स्तब्ध उभे असता खरखर थांबते काय, हे पाहिले की उलगडा होतो.

मध्येच तुटणारा आवाज

पात्र एका जागी नीट ऐकू येते, आणि दोन पावले सरकताच आवाज तुटतो. पुन्हा सरकले की परत येतो. हा मात्र खराखुरा हवेतील दोष. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ५० सेंटिमीटर असते. काही लहरी सरळ रिसीव्हरकडे जातात, काही भिंतीवर व छपराच्या पत्र्यावर आपटून मागाहून येतात. दोहोंची गाठ उलट्या पावलांनी पडली की त्या एकमेकींस मारून टाकतात. अशा मृत जागा साधारण पाव मीटरच्या अंतराने येऊ शकतात, म्हणून एका पावलात आवाज जातो नि दुसऱ्यात येतो. बऱ्या संचास दोन अँटेना दिलेल्या असतात त्या ह्याचसाठी : एकीकडे लहर मेली तरी दुसरीकडे ती जिवंत असण्याचा संभव मोठा. तेव्हा दोन्ही अँटेना नीट बसवून एकमेकींपासून दूर वळविलेल्या असाव्यात. त्यांतील एक हरवली म्हणून संच 'तसाच चालतो' असे समजू नये.

ट्रान्समीटरची शक्ती फार थोडी, बहुधा १० ते ५० मिलिवॉट, असते. मनुष्याचे शरीर पाण्याने भरलेले असल्यामुळे ती लहर शोषून घेते, आणि धातू तिला अडवितो. ह्यावरून तीन नियम निघतात. पहिला, रिसीव्हर सभागृहाच्या मागच्या टोकाला मिक्सरजवळ न ठेवता रंगमंचाजवळ, माणसांच्या डोक्यांहून उंच व पात्रे दृष्टीस पडतील असा ठेवावा आणि तेथून मिक्सरपर्यंत तार न्यावी. दुसरा, डबीची अँटेना मोकळी लोंबू द्यावी. गुंडाळू नये व घामेजल्या कातडीस चिकटवू नये. तिसरा, शूर सरदाराच्या पत्र्याच्या चिलखताच्या आत डबी ठेवू नये. चिलखत शत्रूचा वार अडवो न अडवो, लहर मात्र खास अडवते!

जुन्या पद्धतीच्या संचात लहर क्षीण होऊ लागली की आधी सूसू असा आवाज येऊन सूचना मिळते. डिजिटल संचात ती सूचना नाही. आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो व एकदम बंद पडतो. म्हणून डिजिटल संच घेतला असता रंगमंचाच्या सर्व कोपऱ्यांत चालून बोलून पाहण्याची परीक्षा अधिक काळजीने करावी.

एकाचा उपद्रव दुसऱ्यास

दोन ध्वनिक्षेपक असताना सुरळीत चाललेला कारभार सहा होताच का बिघडतो, हे थोड्या हिशेबाने कळते. एकाच चॅनेलवर दोन डब्या चालू करू नयेत, हे तर उघडच आहे. परंतु निरनिराळ्या चॅनेलवरील डब्याही एकमेकींच्या संयोगाने नव्या, नको असलेल्या लहरी निर्माण करतात. समजा, एक डबी ५००.० मेगाहर्ट्झवर व दुसरी ५००.४ वर आहे. पहिलीच्या दुपटीतून दुसरी वजा करा : ४९९.६. दुसरीच्या दुपटीतून पहिली वजा करा : ५००.८. ह्या दोन ठिकाणी भुताटकीच्या लहरी उभ्या राहतात. आता कोणी समान अंतराची शिस्त म्हणून तिसरी डबी ५००.८ वर ठेवली, तर ती नेमकी त्या खड्ड्यात पडते. दोन-दोन व तीन-तीन लहरींच्या संयोगाने होणाऱ्या अशा उपद्रवी लहरी चार डब्यांत २४ व आठ डब्यांत २२४ भरतात. त्या सर्व चुकवून जागा निवडण्याचे काम संचाच्या निर्मात्याने आधीच केलेले असते. एकाच 'ग्रुप'मधील निरनिराळे चॅनेल घ्यावेत, असे पुस्तिकेत सांगितलेले असते ते ह्यामुळे. निरनिराळ्या बनावटीचे संच एकत्र करताना ही सोय राहत नाही, म्हणून शक्यतो एकाच बनावटीचे घ्यावेत. तसेच चालू डब्या एका टेबलावर ढिगाने ठेवू नयेत. जितक्या त्या जवळ, तितका हा उपद्रव अधिक.

खरेदी करताना कोणत्या पट्ट्याचा संच आहे हे विचारणे अगत्याचे आहे. अमेरिकेत २०१० साली ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातून आणि २०२० साली ६०० मेगाहर्ट्झच्या बहुतेक भागातून बिनतारी ध्वनिक्षेपकांना उठविण्यात आले. आपल्याकडेही २०२२ सालच्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाइल सेवेकडे गेला. त्यामुळे स्वस्तात मिळालेला जुना परदेशी संच येथे मोबाइलच्या मनोऱ्याशी झगडत बसण्याचा संभव आहे. २४०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरावीक शक्तीपर्यंत परवाना लागत नाही, पण वायफाय व ब्लूटूथ ह्यांची वर्दळही तेथेच असते. रिकाम्या सभागृहात दुपारी उत्तम चाललेला असा संच संध्याकाळी पाचशे प्रेक्षक खिशांत मोबाइल घेऊन आले की अडखळू लागतो. विक्रेत्याकडून पट्टा व परवान्याची स्थिती लेखी घ्यावी, हे उत्तम.

शीळ, घुमा आणि फाटका आवाज

कर्ण्यातून निघालेला आवाज पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरून फेऱ्या घालू लागला की कर्कश शीळ वाजते. ह्याचा बिनतारीपणाशी संबंध नाही. एकाच वेळी उघडे असलेले ध्वनिक्षेपक दुप्पट झाले की शीळ न वाजता मिळणारा आवाज ३ डेसिबेलने घटतो. एकाऐवजी आठ उघडे ठेवले तर ९ डेसिबेल गमावले. म्हणून मिक्सरवर बसणाऱ्याच्या हाती संहिता असावी, तीत प्रत्येकाचे प्रवेश व निर्गम खुणावलेले असावेत, आणि रंगमंचावर नसलेल्या पात्राचा ध्वनिक्षेपक बंद ठेवावा. पडद्यामागची कुजबुज सभागृहात ऐकू येण्याची आपत्तीही त्यामुळे टळते. दुसरा उपाय म्हणजे ध्वनिक्षेपक तोंडाजवळ आणणे. छातीवर २० सेंटिमीटरवर असलेला गालावर ५ सेंटिमीटरवर आणला, तर सुमारे १२ डेसिबेलचा लाभ होतो. तिसरा उपाय, कर्णे पात्रांच्या मागे न ठेवता पुढे ठेवावेत.

दोन पात्रे एकमेकांजवळ येऊन बोलू लागली की आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो. एकाचा शब्द दोन्ही ध्वनिक्षेपकांत किंचित मागेपुढे शिरतो, त्याचा हा परिणाम. तेवढ्यापुरता एकच उघडा ठेवावा.

सतत 'घूं' असा सूर येत असेल, तर तो विजेच्या ५० हर्ट्झचा घुमा होय. रिसीव्हर व मिक्सर ह्यांना निरनिराळ्या ठिकाणांहून वीज दिल्याने तो पुष्कळदा येतो. दोहोंस एकाच ठिकाणाहून वीज द्यावी. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढून टाकू नये. घुमा गेला तरी मुलांच्या जिवाशी गाठ पडेल. शिवाय दिव्यांच्या तारा व ध्वनीच्या तारा एकत्र बांधू नयेत.

पात्र ओरडताच आवाज फाटत असेल, तर डबीवरील 'गेन' चढलेला आहे असे समजावे. तालमीत मुले हळू बोलतात व प्रयोगात जोराने, हे ध्यानी घेऊन तो सर्वांत मोठ्या आरोळीस अनुसरून ठरवावा.

प्रयोगाच्या दिवसाची व्यवस्था

रंगीत तालमीपासूनच प्रत्येक डबीस क्रमांक द्यावा. त्याच क्रमांकाची चिठ्ठी रिसीव्हरवर व मिक्सरवर चिकटवावी. डबी लावण्याचे, सेल बदलण्याचे व तपासण्याचे काम दोन जबाबदार विद्यार्थ्यांकडे सोपवावे आणि इतरांनी त्यात हात घालू नये. एक राखीव डबी ध्वनिक्षेपकासह तयार ठेवावी. रंगमंचाच्या पुढच्या कडेला तारेचे दोन ध्वनिक्षेपक ठेवावेत व ते मिक्सरला जोडलेले असावेत. एखादा बिनतारी बंद पडला तर ते उघडता येतात, आणि प्रेक्षकांस फारसा फरक जाणवत नाही. ह्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट मुलांना आधी सांगून ठेवावयाची, ती अशी की, आवाज गेला तर थांबू नका, डबीकडे हात नेऊ नका. एक पाऊल पुढे या, प्रेक्षकांकडे तोंड करा व मोठ्याने बोलत राहा. ह्याचीही तालीम एकदा घ्यावी. बिघाड झाला असता दोष यंत्राचा आहे, आपला नाही, हे ज्या मुलास आधीच ठाऊक आहे ते घाबरत नाही.

शेवटी एक विनंती व्यवस्थापक मंडळांस. प्रत्येक तालमीत व प्रयोगात कोणत्या क्रमांकाच्या डबीत काय बिघडले व कशाने सुधारले, ह्याची नोंद एका वहीत ठेवण्यास सांगावे. नव्या संचाची मागणी आली म्हणजे आधी ती वही मागवावी. तीन प्रयोगांतील तक्रारी एकाच डबीच्या तारेच्या असतील, तर तार बदलून काम भागेल व उरलेल्या रकमेत सेल भरण्याचे चांगले यंत्र आणि राखीव ध्वनिक्षेपक येतील. तक्रारी खरोखरच पट्ट्याच्या वा जुन्या रिसीव्हरच्या असतील, तर नवा संच विनाविलंब मंजूर करावा. दोन्ही प्रसंगी निर्णय हिशेबाने होईल, आणि ज्या मुलांसाठी हा खर्च करावयाचा त्यांचा शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल.